मॅसिडोनियन व शोना भाषा

मॅसिडोनियन व शोना भाषा : भिन्न भाषाकुळांतील दोन भाषा. मॅसिडोनियन ही इंडो-यूरोपीय कुळाच्या दक्षिण स्लाव्हिक शाखेतील भाषा असून ती उत्तर मॅसिडोनियाची राजभाषा आहे. शोना ही बांटू समूहातील भाषा झिंबाब्वेतील बहुसंख्यांची आहे. मोझँबीकच्या मध्य भागातही ती बोलली जाते. दोहोंत कुळाचे वा संपर्काचे नाते नाही. मात्र दोन्ही प्रमाणभाषा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समित्या व अहवाल यांच्याद्वारे निश्चित झाल्या. कोणत्या बोली प्रमाण मानाव्यात आणि कोणत्या वगळाव्यात, या निर्णयांचे वाद दोन्हीकडे अजून शमलेले नाहीत.

मॅसिडोनियनचा उगम नेमका कोठून धरावा हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. नवव्या शतकात सिरिल व मेथोडियस या धर्मप्रसारकांनी ज्या बोलीत धर्मग्रंथांची भाषांतरे केली ती थेसालोनायकी (आता ग्रीसमध्ये) परिसरातील स्लाव्हिक बोली असावी, असे सामान्यतः मानतात. या ग्रंथभाषेला बल्गेरियन अभ्यासक प्राचीन बल्गेरियन म्हणतात, तर मॅसिडोनियन अभ्यासक तिच्याशी आपल्या भाषेचे सातत्य जोडतात. त्या काळी आजच्या अर्थाच्या राष्ट्रभाषा नव्हत्या. त्यामुळे ‘प्राचीन चर्च स्लाव्हिक’ ही तटस्थ संज्ञाच अधिक सोयीची ठरते. दक्षिण स्लाव्हिक बोलींची साखळी अखंड असल्याने केवळ ध्वनिभेदांच्या रेषांवरून भाषेची सीमा ठरत नाही.

भाषाभ्यासक क्रस्ते मिसिर्कोव्ह यांनी १९०३ मध्ये सोफिया येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्वतंत्र साहित्यभाषेची मागणी केली. बल्गेरियन व सर्बियन या दोहोंपासून सारख्याच दूर असलेल्या प्रिलेप-बितोला परिसरातील मध्यवर्ती बोली त्यांनी त्यासाठी सुचविल्या. पुढे प्रमाणभाषेचा पाया याच पट्ट्यात, म्हणजे पश्चिम-मध्य बोलींत, घातला गेला. मिसिर्कोव्ह यांचा आधार थेट घेतला गेला की परिस्थितीनेच तोच निष्कर्ष पुन्हा निघाला, याबद्दल एकमत नाही. दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. २ ऑगस्ट १९४४ रोजी प्रोहोर प्चिन्स्की मठात (आता सर्बियात) भरलेल्या सभेत मॅसिडोनियनला राजभाषेचा दर्जा देण्यात आला. लिपिसमितीत मध्य-स्वराला (‘अ’सारख्या अस्पष्ट ध्वनीला) स्वतंत्र अक्षर द्यावे की नाही यावर मतभेद झाले. शेवटी ते अक्षर टळले आणि मे १९४५ मध्ये ३१ अक्षरांची सिरिलिक वर्णमाला स्वीकारली गेली. शुद्धलेखनाचे नियम त्याच वर्षी जूनमध्ये आले. भाषाशास्त्रज्ञ ब्लाझे कोनेस्की यांच्या व्याकरणाचा पहिला भाग १९५२ चा.

ही भाषा म्हणजे बल्गेरियनचेच एक लेखी प्रमाणरूप, ही बल्गेरियाची अधिकृत भूमिका आहे. दोन्ही देशांच्या १९९९ च्या संयुक्त घोषणापत्रात ‘मॅसिडोनिया प्रजासत्ताकाच्या संविधानानुसार मॅसिडोनियन भाषा’ अशी शब्दयोजना करून वाट काढण्यात आली. ग्रीसबरोबरच्या २०१८ च्या प्रेस्पा करारातही ‘मॅसिडोनियन भाषा’ असा स्पष्ट उल्लेख असून ती दक्षिण स्लाव्हिक गटातील असल्याचेही नमूद आहे. बल्गेरियाबाहेरील बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ तिला स्वतंत्र प्रमाणभाषा मानतात.

शोना प्रदेशातील जुने शब्द पोर्तुगीज कागदपत्रांत आढळतात.  सलग लेखनाचा प्रारंभ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मिशनऱ्यांपासून. एकेका मिशनने आपल्या परिसरातील बोली लिहिली आणि मन्यिका, कारांगा, झेझुरू अशी वेगवेगळी लेखनरूपे रूढ झाली. दक्षिण ऱ्होडेशिया (आजचे झिंबाब्वे) सरकारने १९२९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट डोक यांच्याकडे या लेखनरूपांच्या एकीकरणाचे काम सोपविले. १९३१ च्या अहवालात त्यांनी व्याकरणाचा पाया कारांगा व झेझुरू यांवर ठेवावा, शब्दसंग्रहात मन्यिकालाही जागा द्यावी, असे सुचविले. कोरेकोरे व न्दाऊ या बोलींना त्या मानाने गौण स्थान मिळाले, तर कलांगाचा व्यवहार वेगळा राहिला. डोक यांनी खास ध्वनींसाठी रोमन लिपीबाहेरची अक्षरे योजली होती. टंकलेखन व छपाईला ती गैरसोयीची ठरली आणि १९५५ मध्ये वगळली गेली. १९६७ मध्ये लेखन पुन्हा सुधारले. २०१३ च्या संविधानात १६ भाषांच्या यादीत कलांगा व न्दाऊ शोनाशेजारी स्वतंत्रपणे नोंदल्या आहेत.

ध्वनींच्या बाबतीत दोन्ही भाषांत पाच मूळ स्वर हे साम्य वरवरचे आहे. शोनात उच्च व नीच सूर अर्थभेदक असतात, पण ते नेहमीच्या लेखनात दाखवत नाहीत. ओठ आवळून काढलेले शिट्टीसारखे घर्षक ध्वनी हे तिचे वैशिष्ट्य. रोमन ‘बी’ने दाखविलेला ध्वनी श्वास आत ओढून उच्चारतात, ‘बीएच’ने दाखविलेला मराठी वाचकाला ब व भ यांच्या मधला वाटेल. मॅसिडोनियनमध्ये आघात बहुधा शब्दाच्या शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो.

नामव्यवस्था सर्वाधिक भिन्न आहे. मॅसिडोनियनमध्ये तीन लिंगे आहेत. संबोधन सोडल्यास विभक्तिरूपे जवळजवळ लोपली आहेत, आणि नामाला जोडलेले निश्चयवाचक उपपद तीन प्रकारचे असते : ‘चोवेकोत’ (तो माणूस), ‘चोवेकोव’ (जवळचा), ‘चोवेकोन’ (दूरचा). शोनात लिंगाऐवजी वीसच्या आसपास नामवर्ग असून त्यांचे उपसर्ग वाक्यभर पसरतात : ‘वान्हू वावीरी वाकाऊया’ (दोन माणसे आली). कर्मदर्शक अंश मात्र दोन्हीकडे क्रियापदाला चिकटतो. मॅसिडोनियनमध्ये निश्चित कर्मापाशी तो अनिवार्य असतो. शोनात कर्म वाक्यातून वगळले वा बाजूला काढले, तर सामान्यतः येतो. न पाहिलेल्या घटनेसाठी वेगळे क्रियारूप वापरण्याची मॅसिडोनियनची प्रथा बल्गेरियनमध्येही आहे.

मॅसिडोनियनचा त्रिखंडी शब्दकोश १९६१–६६ या काळात प्रसिद्ध झाला. शोनाचा पहिला मोठा एकभाषिक कोश, झिंबाब्वे विद्यापीठातील प्रकल्पातून, १९९६ मध्ये आला आणि २००१ मध्ये त्याचे विस्तारित रूप.