गुन्हा तिसऱ्याचा, भरपाई मालकाची

हल्ला अनोळखी गुन्हेगाराने केला, तर भरपाई घरमालकाने का द्यायची? अमेरिकी न्यायालयं बराच काळ म्हणत आली, की द्यायची नाही. पाहुण्याला सांभाळण्याची जबाबदारी सराईवाल्यावर इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून होती, पण भाड्याने घर देणाऱ्यावर तसलं बंधन नव्हतं. नेवार्कच्या सरकारी वसाहतीत एका दूधवाल्याला लिफ्टमध्ये मारहाण करून लुटलं. तिथे पहारा ठेवणं वसाहतीवर बंधनकारक नाही, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरवलं. बंदोबस्त हे पोलिसांचं काम!

हा विचार बदलला तो वॉशिंग्टनमधल्या ‘१५०० मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू’ या इमारतीमुळे. ५८५ फ्लॅट्सची ही इमारत. १९५९ साली एक बाई तिथे राहायला आल्या तेव्हा मुख्य दारावर चोवीस तास दरवान असे, लॉबीतल्या टेबलावरही माणूस असे. १९६६ पर्यंत दरवान गेला होता, टेबल बराच वेळ रिकामं राहू लागलं होतं आणि मार्गिकांमध्ये चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या. मालकाला हे ठाऊक होतं. त्याच मजल्यावर दुसऱ्या एका भाडेकरू बाईंवर हल्ला झाला आणि दोनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, या बाईंना त्यांच्या दाराबाहेर मारहाण करून लुटलं.

१९७० साली अपील न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं. न्यायमूर्ती विल्की यांचं म्हणणं साधं होतं : जिने, दारं, मार्गिका मालकाच्या ताब्यात, तिथे कुलूप लावणं किंवा माणूस बसवणं भाडेकरूच्या हातातच नाही. निदान घर देताना जेवढा बंदोबस्त होता, तेवढा तरी टिकवायला हवा. मला यातला ‘ठाऊक होतं’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे वाद त्यावरच रंगले.

या खटल्यांकडे सामान्य लोकांचं लक्ष गेलं ते गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यामुळे. १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलात त्यांच्यावर बलात्कार झाला. खोलीचं सरकतं काचेचं दार कुलूपबंद असूनही बाहेरून उघडता येत होतं. ज्यूरीने २५ लाख डॉलर मंजूर केले.

मग धास्तावलेल्या मालकांच्या बाजूनेही निकाल लागले. आधी तसेच गुन्हे घडलेले नसतील, तर एरवी सुरक्षारक्षक नेमण्याची सक्ती नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं. जॉर्जियात मात्र पारडं पार उलटं गेलं. अटलांटातल्या एका औषध दुकानाच्या पार्किंगमध्ये २०१२ साली गोळीबार झाला, तेव्हा ज्यूरीने ९५ टक्के दोष दुकानाला दिला, ५ टक्के जखमी ग्राहकाला आणि गोळी झाडणाऱ्याला शून्य! ४ कोटी डॉलरहून मोठा तो निवाडा २०२३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. दोनच वर्षांनी विधिमंडळाने कायदा बदलला. आता तिथल्या ज्यूरीला गुन्हेगाराचा वाटाही ठरवावा लागतो, आणि तो मालकापेक्षा कमी धरला तर ती वाटणी अवाजवी असल्याचं गृहीत धरलं जातं.