कोंतारीनी–रोसेल्ली नकाशा

कोंतारीनी–रोसेल्ली नकाशा : इटलीत १५०६ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला जगाचा नकाशा. रचना जोव्हान्नी मात्तेओ कोंतारीनी याची, उत्कीर्णन (पत्र्यावरील कोरीव काम) फ्लॉरेन्सचा फ्रांचेस्को रोसेल्ली (सु. १४४८–१५१३ पूर्वी) याचे. आकार सु. ४२ × ६३ सेंमी. एकच प्रत ज्ञात आहे. ती १९२२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने घेतली. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. अमेरिकेतील प्रदेश दाखविणारा उपलब्ध मुद्रित नकाशांतील सर्वांत जुना, अशी त्याची ख्याती. यातील ‘उपलब्ध’ आणि ‘मुद्रित’ ही विशेषणे गाळून चालत नाही, कारण स्पॅनिश खलाशी ह्वान दे ला कोसाचा १५०० चा आणि कांतीनोच्या नावाने ओळखला जाणारा १५०२ चा, हे दोन्ही हस्तलिखित नकाशे याआधीचे आहेत.

प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत) शंकूचे, आकार उलगडलेल्या पंख्यासारखा. प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीच्या पहिल्या प्रक्षेपणाचा हा विस्तार होय. टॉलेमीचे जग १८०° रेखांशांत संपत असे. येथे ते पूर्ण ३६०° झाले आहे. टॉलेमी विषुववृत्तापाशी रेखावृत्तांना आतल्या बाजूस वळण देत असे. कोंतारीनीने ती सरळ खाली जाऊ दिली. रेखावृत्ते प्रत्यक्षात विषुववृत्तापासून दक्षिणेकडे जवळ येत जातात, येथे ती फाकतात. त्यामुळे आफ्रिकेचे टोक आणि दक्षिण अमेरिका आडवी ताणली गेली आहे. पंख्याच्या दोन कडा जुळविल्या की गोल जगाचे ३६० अंश पुरे होतात, अशी सूचना नकाशावरील लॅटिन मजकुरातच आहे. ती केवळ अलंकारिक नसावी. कागद वळवून पाहिल्यास तिचा अर्थ लगेच कळतो.

नव्या प्रदेशांची मांडणी आजच्या वाचकाला चकवणारी आहे. क्यूबा आणि हिस्पॅनिओला ही बेटे आहेत. दक्षिणेला ‘तेर्रा क्रूचिस’ हा मोठा भूभाग. आणि या दोहोंमधून आशियापर्यंत मोकळा समुद्र. क्यूबा आणि आशियाचा किनारा यांच्यामध्ये मार्को पोलोचा झिपांगू, म्हणजे जपान. उत्तरेकडे पोर्तुगीज खलाशांना सापडलेली भूमी हे स्वतंत्र खंड नसून आशियाचेच पुढे आलेले लांब टोक मानले आहे. आशियाच्या किनाऱ्याजवळील टिपेत कोलंबस ‘चिआंबा’ प्रांतात गेला व तेथे पुष्कळ सोने असल्याचे तो सांगतो, असे म्हटले आहे. म्हणजे अमेरिका दाखविणारा उपलब्ध पहिला छापील नकाशा अमेरिकेला ओळखत नाही. उलट आफ्रिकेचा आकार ओळखीचा आहे आणि हिंदी महासागर टॉलेमीप्रमाणे जमिनीने वेढलेला नाही. वास्को द गामा कालिकतला पोहोचून आठच वर्षे झाली होती. गोवा पोर्तुगीजांकडे जाण्यास अजून चार वर्षे होती.

ताम्रपटावर नकाशा कोरण्याची पद्धत इटलीत तेव्हा तीसएक वर्षांची होती. ताम्रपटावरून छापलेले नकाशे असलेली टॉलेमीच्या भूगोलग्रंथाची पहिली आवृत्ती बोलोन्यात १४७७ मध्ये निघाली (तिच्यावर छापलेले वर्ष मात्र १४६२ आहे, ते चूक मानले जाते), दुसरी रोममध्ये १४७८ मध्ये. रोमच्या आवृत्तीत अक्षरे ठशांनी ठोकली होती. कोरणीने हाताने अक्षरे काढताना ती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात आणि एस किंवा एन हमखास सुलटे राहून छापात उलटे उमटतात.

पत्रा ठोकून सपाट करायचा, दगडाने आणि कोळशाने घासून गुळगुळीत करायचा, आराखडा उलटा उतरवून घ्यायचा. मग कोरणी पुढे ढकलायची. वळणदार किनारा काढताना हात फारसा वळत नाही, फिरतो तो पत्रा. खोबणीच्या काठाला उठलेला कंगोरा खरवडून काढला नाही तर तो शाई धरतो आणि रेघ केसाळ दिसते. जवसाच्या तेलात काजळी घोटून केलेली दाट शाई पत्रा किंचित तापवून खोबणीत भरतात, वरची पुसून घेतात, ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबाखालून काढतात. कागद वाळताना आकसतो, तोही एका दिशेला जास्त. म्हणून जुन्या छापावर पट्टी लावून अंतरे मोजणे जपूनच करावे. चूक दुरुस्त करायची तर तो भाग खरवडून, घोटून, मागून हातोडीने वर उचलावा लागतो. लाकडी ठशात असे करता येत नाही, तेथे तुकडा कापून नवा बसवावा लागतो. याच सोयीमुळे एका पत्र्याच्या निरनिराळ्या अवस्थांचे छाप मिळतात. या नकाशाच्या बाबतीत एकच प्रत असल्याने तशी तुलना शक्य नाही.

छपाईचे ठिकाण वादग्रस्त आहे : व्हेनिस की फ्लॉरेन्स? नकाशावरील ओळीत कोंतारीनीचे ‘परिश्रम’ आणि फ्लॉरेन्सच्या रोसेल्लीची ‘कला व बुद्धी’ असा श्रेयविभाग आहे. गावाचे नाव नाही. कोंतारीनी हे व्हेनिसचे प्रसिद्ध उमराव घराणे. रोसेल्लीचे दुकान फ्लॉरेन्समध्ये होते, परंतु ११ ऑगस्ट १५०८ रोजी व्हेनिसच्या सान बार्तोलोमेओ चर्चमध्ये गणिती लूका पाचोलीने युक्लिडच्या भूमितीवर दिलेल्या व्याख्यानाच्या श्रोत्यांत ‘फ्लॉरेन्सचा विश्ववर्णनकार’ म्हणून त्याची नोंद आहे. नावापुढे गाव लावण्याची गरज परगावी अधिक, हा तर्क व्हेनिसच्या बाजूने जातो; तो निर्णायक नाही, कारण घरच्या गावीही कारागीर तशी सही करीत. आराखडा व्हेनिसचा आणि पत्रा कोठेही कोरलेला, एवढे म्हणणे सुरक्षित. रोममध्ये निघालेल्या योहान रॉइशच्या नकाशाचे (सु. १५०७) प्रक्षेपणही पंख्याचे आहे. दोहोंचा मूळ आधार समान असावा, हे मत थेट नक्कल मानण्यापेक्षा अधिक पटणारे आहे.

रोसेल्ली हा चित्रकार कोझिमो रोसेल्लीचा सावत्र भाऊ. मूळचा हस्तलिखितांचा लघुचित्रकार. १४८० च्या सुमारास तो हंगेरीत होता. समांतर, ठसठशीत रेघांनी छाया देण्याच्या फ्लॉरेन्सच्या ‘रुंद’ शैलीशी त्याचे नाव जोडले जाते. फ्लॉरेन्स शहराचे साखळीची चौकट असलेले प्रसिद्ध दृश्य त्याच्याच मूळ उत्कीर्णनावरून झाले असे मानतात. सु. १५०८ मध्ये त्याने लंबगोल प्रक्षेपणात जगाचा लहान नकाशा कोरला. त्यात कोलंबसच्या चौथ्या सफरीतील स्थलनामे आशियाच्या किनाऱ्यावर आहेत आणि तळाशी दक्षिण खंड आहे. त्याचा मुलगा आलेस्सांद्रो याच्या मृत्यूनंतर १५२० च्या दशकात झालेल्या दुकानाच्या मोजदादीत कोरलेले पत्रे, लाकडी ठसे आणि छापलेले नकाशे यांची यादी मिळते.