समतोल समस्थानिक परिणाम : क्वांटम गणन

एखाद्या मूलद्रव्याची हलकी व जड समस्थानिके (फक्त वस्तुमानात वेगळे अणू) समतोल साधलेल्या दोन प्रावस्थांत (द्रव, बाष्प अशा अवस्थांत) किंवा संयुगांत असमान वाटली जाण्याचा परिणाम. कोल्हापूरच्या रंकाळ्याचे पाणी बंद बरणीत २५° से.ला ठेवल्यास वरच्या बाष्पातील ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनाचे) प्रमाण द्रवातल्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी भरते. ऑक्सिजन-१८ ची तूट १ टक्क्याच्या आत राहते. उघड्या तलावाला हे आकडे लागू नाहीत. तिथे विसरणाचा गतिज परिणाम, म्हणजे समतोलातून नव्हे तर वेगांतील फरकातून येणारा, मिसळतो. उसाच्या गुळातील कार्बन-१३ चे वैशिष्ट्यही मुख्यत्वे गतिजच.

अभिजात (न्यूटनच्या) यामिकीत समतोल परिणाम शून्य येतो, म्हणून गणन क्वांटमच हवे. कंपन-वारंवारतांवरून तो काढण्याचे सूत्र रसायनशास्त्रज्ञ यूरी यांच्या १९४७ च्या लेखामुळे त्यांच्या नावे सांगितले जाते. पण त्याच वर्षी बिगेलायझेन व मारिया गोपर्ट-मायर यांनीही ते मांडले, आणि वाल्डमान यांचे जर्मन टिपण १९४३ चे आहे. आजच्या वापरातील रूप बिगेलायझेन-मायर यांच्या जवळचे असल्याने जोडनाव अधिक रास्त वाटते. हे सूत्र कंपने हरात्मक (आदर्श स्प्रिंगसारखी) धरते. हायड्रोजन बंध असलेल्या द्रवात ते अपुरे पडते.

तिथे भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांची पथ समाकलन पद्धत संगणकावर वापरतात. प्रत्येक अणूऐवजी स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांचे कडे घेतात. ३०० के.ला पाण्यासाठी ३२ मणी सहसा पुरतात. तापमान निम्मे केल्यास मणी दुप्पट लागतात. मग हायड्रोजनाचे वस्तुमान १ पासून २ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवून दर टप्प्यावर सरासरी गतिज ऊर्जा मोजतात, तिला वस्तुमानाने भागून समाकलन करतात; त्यातून मुक्त ऊर्जेचा (समतोल ठरवणाऱ्या ऊर्जेचा) फरक मिळतो. वस्तुमानाऐवजी त्याच्या वर्गमूळाचा व्यस्त हा चल घेतला की समाकल्य जवळजवळ सपाट होतो आणि चार-पाच बिंदूंत काम भागते.

अडचण द्रव व बाष्प यांच्या वजाबाकीत आहे. द्रवात प्रोटॉनची गतिज ऊर्जा १५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तर वरील ७ टक्क्यांमागचा मुक्त ऊर्जेचा फरक जेमतेम २. मणी वाढवले की गतिज ऊर्जेच्या साध्या आकलकाचा (सरासरी काढण्याच्या सूत्राचा) गोंगाटही वाढतो. म्हणून केंद्रक-व्हिरियल आकलक (कड्याच्या मध्यबिंदूपासूनची अंतरे व बले वापरणारा) घ्यावा. कड्यातील ताठ कंपनांना स्वतंत्र थर्मोस्टॅट (गणनात तापमान राखणारी योजना) नसेल तर ती एकमेकांत ऊर्जा वाटून घेत नाहीत, आणि सरासरी वरवर स्थिर दिसूनही चुकते. द्रव व बाष्प दोन्हींसाठी मण्यांची संख्या एकच ठेवावी.

बलक्षेत्राची, म्हणजे अणूंमधील बलांच्या प्रतिमानाची, निवड याहून नाजूक. हायड्रोजन बंधामुळे ओ-एच बंधाचे ताणले जाण्याचे कंपन सैल होते, पण रेणूचे डोलणे आवळले जाते. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. ओ-एच बंध हरात्मक धरणाऱ्या प्रतिमानात ही खोडाखोड होत नाही आणि द्रव-बाष्पातील ड्यूटेरियमचा फरक अवाजवी मोठा येतो. प्रत्यक्षात सुमारे २२० ते २३०° से.च्या पुढे पारडे उलटते आणि ड्यूटेरियम बाष्पात अधिक जाते.