वाळलेली फांदी पाहणीपूर्वी तोडू नये, ही विनंती

बागेतील झाडाची एखादी मोठी फांदी किंवा सगळा शेंडा आठ-दहा दिवसांत वाळला की ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणते औषध मारू?" आम्ही पाहणीला पोहोचतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा ती फांदी तोडून जाळलेली असते, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावलेली असते आणि आळे पाण्याने भरलेले असते. यामागची आपली तळमळ आम्ही जाणतो. परंतु फांदीबरोबर कारणाचा पुरावाही गेलेला असतो, आणि मग दुसरी फांदी वाळेपर्यंत थांबणे किंवा अंदाजाने उपचार करणे एवढेच हाती उरते.

हा पुरावा वाळलेल्या टोकाला नसतो. फांदीची साल शेंड्याकडून बुंध्याकडे थोडीथोडी खरवडत आल्यास तपकिरी रंग संपून ओलसर हिरवा थर सुरू होतो, आणि निदान होते ते याच सीमेवर. टोकाच्या मेलेल्या लाकडावर मागाहून वाढणाऱ्या बुरशी मूळ रोगकारकाला झाकून टाकतात, म्हणून प्रयोगशाळेसाठी निव्वळ वाळके टोक जवळजवळ निरुपयोगी ठरते. सीमेजवळ छिद्रे आणि भुसा दिसला तर खोडकिड्याचा, साल खचून डिंक आला असेल तर सालीच्या रोगाचा आणि आडव्या छेदात तपकिरी ठिपक्यांचे वलय दिसले तर मर रोगाचा संशय आम्ही प्रथम घेतो. वाळलेली पाने फांदीवर तशीच लटकत असणे हीसुद्धा मोलाची खूण आहे, कारण पान गाळणे हे जिवंत फांदीचे काम असून तेवढीही सवड न मिळालेली फांदी झपाट्याने मेलेली असते.

शेंडा सर्व बाजूंनी वाळत असेल तर मात्र आम्ही फांद्यांकडे नंतर पाहतो आणि आधी बुंध्याजवळची माती हलक्या हाताने बाजूला करतो. काही ग्राहकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, तथापि बुंध्यावर चढवलेली माती, कुजलेली साल आणि काळी पडलेली तंतुमुळे पाहण्यास दुसरा मार्ग नाही. पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना प्राणवायू मिळत नाही व झाड ओल्या मातीतही कोमेजते; अशा झाडाला तहानलेले समजून आणखी पाणी दिल्यास उरलेली मुळेही गुदमरतात. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळ चर खणला असेल, फरशी बसवली असेल किंवा तणनाशक फवारले असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण तुटलेल्या मुळांचा परिणाम शेंड्यावर दिसण्यास कधीकधी वर्षेही लागतात.

केवळ पानाच्या छायाचित्रावरून आम्ही औषध सुचवत नाही. मूळकुज, खोडकिडा आणि पाण्याचा ताण या तिन्हींत पान सारखेच करपलेले दिसू शकते, आणि चुकीच्या बुरशीनाशकावर झालेल्या खर्चापेक्षा त्यात गेलेले दिवस झाडाला अधिक महागात पडतात.

फांदी पडून इजा होण्याचा धोका असेल तर ती अवश्य उतरवावी. त्या वेळी सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे 30 सेंटिमीटरचा तुकडा कागदात गुंडाळून सावलीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून तो बुरसतो. उरलेली छाटणी पाहणीच्या वेळी, प्रत्येक झाडानंतर हत्यारे निर्जंतुक करून, आम्हीच करून देतो.