मोठा पिस्टन टाकण्याआधी: एटीव्हीच्या इंजिन कामाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर राइड देणाऱ्या, वाडीत खत-पाणी वाहणाऱ्या ११० सीसीच्या एटीव्ही (जाड टायरच्या उघड्या चारचाकी गाड्या) आमच्याकडे इंजिन कामाला येतात. तक्रार ठरलेली: गाडी निळा धूर मारते, ऑइल पिते, दोन माणसं बसली की चढावर मान टाकते. हल्ली तिच्या जोडीला एक मागणीही असते. "इंजिन खोलतोच आहात, तर बिग बोअर किटच टाका." हे किट, म्हणजे मोठ्या मापाचा सिलिंडर-पिस्टनचा संच, आम्ही बसवतो आणि मन लावून बसवतो. पण पैसे मोजण्याआधी हा हिशेब तुमच्यासमोर असायला हवा.

या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५२.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ४९.५ मिमी असतो. म्हणजे सुमारे १०६.७ सीसी. स्ट्रोक तोच ठेवून ५४ मिमीचा पिस्टन टाकला तर होतात ११३.४ सीसी. वाढ साधारण ६ टक्के. काम झाल्यावर गाडी एकदम तरणी वाटते हे खरं, पण त्यातला मोठा वाटा पिस्टनच्या आकाराचा नसतो. झिजलेल्या सिलिंडरमधून निसटणारं कॉम्प्रेशन परत आलेलं असतं, त्याचा असतो. तो फायदा साध्या ओव्हरसाइज पिस्टननेही मिळतो, म्हणजे जुनाच सिलिंडर किंचित मोठा करून त्यात ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन टाकून.

नुसती चढावरची ओढ हवी असेल तर आधी चेन बघा. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १७ दातांचं असेल आणि १६ दातांचं टाकलं, तर चाकावरची ओढ तशीच ६ टक्क्यांच्या आसपास वाढते. टॉप स्पीड तेवढा कमी होतो, पण वाळूत आणि वाडीत त्याची गरज कुणाला? इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

मग किट कधी घ्यावं? सिलिंडरला खोल ओरखडे गेले असतील किंवा शेवटचा ओव्हरसाइजही संपला असेल तेव्हा. किटमध्ये सिलिंडर, पिस्टन, रिंगा, पिन आणि पॅकिंग एकत्र येतं. नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) मारून बोअर करण्याची धावपळ वाचते. भाड्याने दिवसभर पळणाऱ्या गाडीला मात्र आम्ही ओव्हरसाइजच सुचवतो. हेड (सिलिंडरवरचं झाकण) तेच राहून सीसी वाढले की कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, चढतो, ९ चा साडेनऊच्या घरात जातो. एअरकूल्ड इंजिन भर उन्हात, मऊ वाळूत, कमी वेगात चालत असेल तर वाढलेली उष्णता बाहेर टाकायला त्याला वारा मिळत नाही.

इंजिन खोलण्याआधी आम्ही कॉम्प्रेशन गेज लावतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघतो. आकडा चढला तर दोष रिंगा-सिलिंडरचा. जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा, आणि व्हॉल्व्ह गळत असताना पिस्टन बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. सिलिंडर उतरवल्यावर तो वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजतो. झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे ती सर्वांत जास्त असते. नुसतं बोट फिरवून "ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. ही मापं तुमच्या बिलावर लिहिलेली असतील. कनेक्टिंग रॉडला वर-खाली प्ले (ढिलेपणा) असेल तर आम्ही नुसतं वरचं, सिलिंडर-पिस्टनचं काम करत नाही. नव्या पिस्टनचा जोर त्याच थकलेल्या बेअरिंगवर येतो.

आता वाळूबद्दल, कारण आमच्याकडची बहुतेक इंजिनं म्हातारपणाने नाही, वाळूने मरतात. गेल्या हंगामात एक गाडी आली. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे इंजिन काम झालेलं, आणि पुन्हा धूर. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली होती आणि झाकण सुतळीने बांधलेलं. कार्ब्युरेटरच्या तोंडातून बोट फिरवलं तर बोटाला ऑइलमध्ये कालवलेली बारीक वाळू लागली. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत करड्या उभ्या रेघा, जणू पॉलिश पेपरने घासला होता. वाळूतलं क्वार्ट्झ सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतं, त्यामुळे हार नेहमी सिलिंडरचीच होते. म्हणून फिल्टर, डबा आणि इनटेकचा रबर तपासल्याशिवाय आम्ही नवा पिस्टन बसवत नाही. तो खर्च कृपया टाळू नका.

किट बसवताना दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. पहिली, मोठ्या स्लीव्हचा खालचा भाग क्रँककेसच्या तोंडात मोकळा बसतो का. बसत नसेल तर केसचं तोंड मोठं करावं लागतं, त्यासाठी पूर्ण इंजिन खोलावं लागतं आणि खर्च वाढतो. हे आम्ही आधी मोजून सांगतो. दुसरी, हेड पॅकिंग नव्या बोअरच्याच मापाचं हवं. जुन्याची कड आत डोकावली तर ती तापून लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेटतं.

नवा सिलिंडर डब्यातून काढून थेट लावत नाही. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासण्याच्या) रेघांमध्ये बारीक कण अडकलेले असतात, ते पेट्रोलने निघत नाहीत. गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुतो आणि पांढरं फडकं आतून फिरवून स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुतच राहतो. मग लगेच ऑइल, नाहीतर आमच्या दमट हवेत बघता बघता गंज धरतो. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने बघतो. ५४ मिमीला साधारण ०.२ मिमी. पिनच्या सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) नेहमी नव्या. त्या लावताना केसचं तोंड फडक्याने बंद असतं. आमच्याच हातून एकदा सर्क्लिप आत पडली होती आणि ती काढायला अख्खं इंजिन खोलावं लागलं. तेव्हापासून फडक्याशिवाय पिनला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

किटनंतर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) तपासावाच लागतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर गाडी पळवू नका, आधी आम्हाला दाखवा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवा.

गाडी हातात आल्यावर पहिले दोन तास तुमच्या ताब्यात. पाच-दहा मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं तीन-चार वेळा. मग हळूहळू जोर द्या. एकाच थ्रॉटलवर तासभर ठेवू नका आणि जागेवर नुसती चालूही ठेवू नका. या दोन तासांत भाड्याची राइड नको. ऑइल मोटरसायकलचंच, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, JASO MA) लिहिलेलं. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो.

दोन तास झाले की गाडी घेऊन या. पहिलं ऑइल आम्ही तुमच्यासमोर पांढऱ्या ट्रेमध्ये काढतो. त्यात थोडी चकाकी असेल, ती नव्या रिंगांची. बोटाला टोचेल असा कण लागला तर गाडी त्याच दिवशी ठेवून घेऊ.