गिमलेट: टिकवलेल्या लिंबाचं कॉकटेल

सुताराच्या गिरमिटाला इंग्रजीत ‘गिमलेट’ म्हणतात. जिन आणि लिंबाचं कॉर्डियल, म्हणजे गोड केलेला टिकाऊ रस, यांचं कॉकटेलही त्याच नावाचं. हे नाव हत्यारावरून पडलं, की ब्रिटिश नौदलातले डॉक्टर थॉमस गिमलेट यांच्यावरून, याबद्दल दोन पक्ष आहेत. अधिकाऱ्यांच्या गळी लिंबाचा रस उतरावा म्हणून डॉक्टरांनी त्यात जिन मिसळली, ही कथा झकास आहे. पण ते १९४३ साली वारले, तेव्हा मृत्युलेखात या पेयाचा शब्दही नव्हता. मी हत्याराच्या बाजूने. नौदलाचा संबंध मात्र खरा आहे, आणि तो स्कर्व्हीपासून, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगापासून, सुरू होतो.

महिनोन् महिने ताजं अन्न नाही म्हटल्यावर खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या नौदलाच्या जहाजावर डॉक्टर जेम्स लिंड यांनी बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सावरली. तरीही नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडलं.

पुढे एक घोळ झाला. मोठं, पिवळं लेमन आणि छोटं, हिरवं लाइम: मराठीत आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो, आणि त्या काळचे इंग्रजही त्यांत फारसा फरक करत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतलं लाइम आलं. आंबट जास्त, म्हणजे गुणकारीही जास्त, असा समज होता. प्रत्यक्षात त्यात क जीवनसत्त्व कमी, आणि साठवणीत उरलंसुरलंही जाई. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्हीने गाठलंच. औषध म्हणून लाइम लंगडं ठरलं. चव मात्र तोवर नाविकांच्या जिभेवर बसली होती.

ती चव ताज्या लिंबाची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. रस टिकावा म्हणून त्यात दारू घालत. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातले लॉकलन रोझ यांनी १८६७ मध्ये दारूशिवाय रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणं कायद्याने बंधनकारक झालं. रोझ यांचं नशीब बघा! त्यांचं गोड केलेलं कॉर्डियल बंदराबंदरांत पोचलं. त्यांनी रसातून काढलेली दारू अधिकाऱ्यांनी पुन्हा त्यात ओतली, एवढंच. साध्या खलाशाच्या वाट्याला रम येई. जिन ही अधिकाऱ्यांची, आणि तीही बहुधा नौदलाचा तळ असलेल्या प्लिमथची.

१९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या कॉकटेल-पुस्तकात छापलेली कृती अगदी दोन ओळींची: निम्मी जिन, निम्मं रोझचं कॉर्डियल, ढवळा, त्याच ग्लासात द्या, हवा तर बर्फ. १९५३ च्या एका गाजलेल्या अमेरिकी रहस्यकादंबरीतलं पात्रही याच निम्म्या-निम्म्या मापाचा आग्रह धरतं. आज ते माप बहुतेकांना पाकासारखं गोड लागतं. म्हणून हल्ली ६० मिलिलिटर जिनला २० ते २५ मिलिलिटर कॉर्डियल घेतात.

ताजा रस आणि साखरेचा पाक घालणारेही पुष्कळ आहेत. पेय छान होतं, पण माझ्या लेखी ते जिन सावर, म्हणजे जिन, ताजा लिंबूरस आणि साखरेचं वेगळंच कॉकटेल. गिमलेटला सालीचा किंचित कडवटपणा आणि मुरलेपण हवं. घरी ते साधायचं तर लिंबांची हिरवी साल पातळ सोलावी, आतला पांढरा भाग येऊ देऊ नये. साल साखरेत चुरून रात्रभर झाकून ठेवली, की साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर होते. दुसऱ्या दिवशी साखरेच्या वजनाइतका रस घालून ती विरघळेपर्यंत ढवळावं आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवावं. न उकळलेलं हे कॉर्डियल आठवडाभरात संपवावं. जिनला तिची खास चव देणाऱ्या जुनिपर या फळाचा वास ठसठशीत असलेली जिन घ्यावी, नाहीतर लिंबू तिला खाऊन टाकतं. भरपूर बर्फ घालून शेकर हाताला गार लागेपर्यंत हलवायचा आणि थंड ग्लासात गाळायचं.