पाठमोरी ओळख

डॉल्फिनचा अभ्यास करायला परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर निळंशार पाणी असतं, त्यातून उसळी मारणारा डॉल्फिन असतो आणि त्याचा तो हसरा चेहरा असतो. स्कॉटलंडच्या मरे फर्थवर पोचलं की निळं पाणी पहिल्याच दिवशी जातं. चेहरा जायला थोडा वेळ लागतो.

मरे फर्थ म्हणजे इन्व्हर्नेसजवळ जमिनीत पाचरीसारखा घुसलेला उत्तर समुद्राचा तुकडा. त्याच्या काठी क्रॉमर्टी नावाच्या गावात १८४६ सालचं दीपगृह आहे. दिवा आता बंद झालाय, पण तिथेच अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचं संशोधन केंद्र चालतं. इथल्या बॉटलनोज डॉल्फिनांच्या नोंदी १९८९ पासून ठेवल्या जातायत. इतक्या उत्तरेला कायम वस्ती करून राहणारे या जातीचे डॉल्फिन दुसरीकडे नाहीत. थंडीला पुरून उरायचं म्हणून अंगानंही दांडगे, जवळपास चार मीटरपर्यंत वाढणारे. फ्लोरिडातले त्यांचे भाऊबंद यांच्यापुढे पोरसवदा दिसतात.

फर्थ जिथे चिंचोळा होतो त्या चॅननरी पॉइंटवर ओहोटी संपून भरती सुरू झाली की सामन माशांच्या मागावर डॉल्फिन येतात, किनाऱ्यावरून दगड मारता येईल इतक्या जवळ. तिथे पर्यटकांची गर्दी असते. अभ्यासाचं काम मात्र होडीतून चालतं, आणि होडी रोज निघत नाही. वारा वाढला, लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की पाठी दिसेनाशा होतात, मग तो दिवस गेला. निघालीच तर एकानं होडी हाकायची, एकानं कॅमेरा धरायचा आणि एकानं लिहायचं: वेळ, ठिकाण, किती जनावरं, त्यांत पिल्लं किती. नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ती पेन्सिल.

कळपाजवळ जायलाही परवाना लागतो आणि गेल्यावर वेग कमी ठेवून त्यांच्या बाजूबाजूनं राहायचं असतं. आपल्याकडे तारकर्लीला किंवा दापोलीच्या मुरूडला गेलेल्यांना याची गंमत वाटेल. एक पाठ दिसली की ‘ते बघा, ते बघा’ करत चार होड्या तिच्यावर सुटतात, आणि पाठ अर्थातच दुसऱ्या टोकाला निघते.

कॅमेरावाल्याला सगळ्यात आधी एक मोह सोडायला शिकवतात, उसळीचा. हवेत कमान करून उडालेल्या डॉल्फिनचा फोटो मित्रांना पाठवायला ठीक, कामाला जवळजवळ शून्य. हवा असतो तो श्वास घ्यायला वर आलेल्या जनावराच्या पाठीवरचा त्रिकोणी पर, अगदी बाजूनं, स्वच्छ उजेडात. तो पाण्याबाहेर असतो एखाद-दोन सेकंद. शिवाय देखणे तेवढेच टिपून भागत नाही. कळपातल्या झाडून सगळ्यांचे फोटो लागतात, कंटाळवाण्यांचे आधी.

संध्याकाळी हे फोटो मोठ्या पडद्यावर येतात. पराची मागची कडा पातळ असते, ती फाटते. कुठे टोकाखाली चौकोनी खाच, कुठे करवतीसारखे तीन दाते, कुठे शेंडाच गायब. पडलेली खाच भरून येत नाही, म्हणून ओळख पटवायची ती खाचेवरून. अंगावरच्या समांतर पांढऱ्या रेघा उठून दिसतात, पण त्या पुसट होत जातात आणि नवा माणूस हमखास त्यांनाच फसतो. दोन-तीन आठवडे हेच केलं की मग कधीतरी ओळखलेल्या परांच्या फोटोंचा कॅटलॉग न उघडताच ‘अरे, हा तर परवाचा’ असं तोंडून जातं.

पण ओळखून करायचं काय? मोजायचं. पाण्याखालचे प्राणी मोजायची युक्ती जुनी आणि मोठी गोड आहे. समजा, जूनमध्ये खाचांवरून ४० डॉल्फिन ओळखता आले. जुलैत ५० दिसले, त्यांतले २० जूनमधलेच. म्हणजे जुलैच्या कळपात जूनचे पाचात दोन. जुलैचे पन्नास हा सगळ्या वस्तीचा बरा नमुना असेल, तर जूनचे ते चाळीसही वस्तीच्या पाचात दोन असणार, म्हणून वस्ती शंभराची. आता ज्यांच्या परावर खाचच नाही ते यात धरलेले नाहीत. चांगल्या फोटोंमध्ये तिसरा हिस्सा पर कोरे निघाले, तर शंभराचे दीडशे करायचे. मरे फर्थमध्ये १९९२ च्या फोटोंवरून याच तऱ्हेच्या हिशेबानं १२९ आकडा आला होता. आज तो दोनशेच्या आसपास आहे आणि त्यांतले बरेच जण दक्षिणेला टे नदीच्या मुखापर्यंत जाऊन येतात.

या खाचा पडतात कशानं? बऱ्याचशा दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांनी. ज्या समांतर रेघांना विद्यार्थी फसतो, त्याही दातांच्याच. आपण त्यांना ओळखतो ते त्यांच्या भांडणांवरून. हसरा चेहरा जायला सुरुवात होते ती इथे. तो जबड्याचा आकार आहे, बाकी काही नाही.

उरलंसुरलं हसू या किनाऱ्यावरच्या एका जुन्या प्रकरणानं जातं. मरे फर्थच्या काठाला पोर्पॉइज नावाचे डॉल्फिनचे छोटे नातेवाईक मरून लागायचे. बाहेरून फारसं काही नाही, आत बरगड्या मोडलेल्या आणि फुप्फुसं फाटलेली. होड्यांवर संशय घेणं सोपं होतं. पण कातडीवर दातांच्या खुणा होत्या, आणि दोन खुणांमधलं अंतर बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांशी जुळत होतं. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा तपासलेल्यांपैकी ६३ टक्के पोर्पॉइज असे मार खाऊन मेल्याचं दिसलं. खाण्यासाठी मारलेले नव्हते. दोन वर्षांनी आणखी वाईट बातमी आली: डॉल्फिनच्या पाच मेलेल्या पिल्लांपैकी निदान चार तशीच मारलेली होती. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, म्हणून नर हे करत असावेत हा कयास आहे. पोर्पॉइज आकारानं पिल्लाएवढाच असतो.

हेच डॉल्फिन एकमेकांना नावानं हाका मारतात, हेही स्कॉटलंडच्या याच पूर्व किनाऱ्यावर दिसलं. प्रत्येक डॉल्फिन लहानपणी स्वतःची अशी एक शीळ बसवतो. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी २०१३ मध्ये मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनांना त्यांच्या शिळांच्या संगणकावर बनवलेल्या नकला ऐकवल्या. आवाजाची धाटणी काढून टाकलेली, नुसती चाल ठेवलेली. स्वतःची शीळ ऐकू आली की डॉल्फिन तीच शीळ घालून ओ देई; ओळखीतल्या दुसऱ्याची किंवा परक्याची वाजवली तर तसा प्रतिसाद नसे.

आपल्याला मात्र शिळेपेक्षा खाचच सोयीची, कारण पाण्यात कोण बोललं हे वरून कळत नाही. अडचण येते पिल्लांची. त्यांचे पर कोरे. आईच्या कुशीला चिकटून पोहतात तोवर ‘अमकीचं पिल्लू’ म्हणून नोंद होते. तीन-चार वर्षांनी ते आईपासून सुटतं. तोवर कुणीतरी चावून परावर खाच पाडलेली असली तर बरं, नाहीतर ते कॅटलॉगमधून हरवतं, रोज होडीसमोरून पोहत असलं तरी.